टाकलेले आणि राहिलेले

अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथांविषयी इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकांस एक प्रकारचा लोभ असतो. डिकन्स १८७० साली ‘एडविन ड्रूड’ अर्ध्यावर टाकून निवर्तला, आणि तेव्हापासून आजतागायत त्या कादंबरीतील खुनी कोण, किंबहुना खून झाला तरी की नाही, या प्रश्नावर जेवढा कागद खर्ची पडला आहे तेवढा त्याच्या कित्येक पुऱ्या कादंबऱ्यांवरही पडला नसेल. पुऱ्या कृतीपुढे वाचक हात जोडून उभा राहतो. अपुरीपुढे त्याचा हात आपोआप पुढे होतो. हा हात पुढे करण्याचा अधिकार कोणास, आणि कोठवर, हा प्रश्न आम्ही गेली तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर मात्र आमच्या पाहण्यात आले ते एका व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीत. हे वाक्य वाचून ज्यांच्या कपाळी आठी पडली असेल त्यांची समजूत आम्ही काढीत बसत नाही. त्यांनी चार पाने धीर धरावा, इतकेच मागणे.

दोन वर्षांपूर्वी एम्. ए. च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने अपूर्ण साहित्यकृतींवर प्रबंधिका लिहावयाचे ठरविले. आम्ही अर्थातच ड्रूड सुचविला. ती म्हणाली, “सर, डिकन्सने मागे फारसे काही ठेवले नाही, म्हणून त्याच्या कादंबरीबद्दल कोणालाही काहीही म्हणता येते. मला जो खेळ घ्यायचा आहे त्याच्या कर्त्यांनी जवळजवळ सगळे मागे ठेवले आहे. फक्त जोडायचे राहिले आहे.” हा भेद आम्हांस मार्मिक वाटला. तथापि जी कृती आपण स्वतः पाहिली नाही तीवरील प्रबंधिका तपासावयाची नाही, हा आमचा नेम असल्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याला हाताशी धरून आम्ही तो खेळ संगणकावर चढविला. प्रथम मूळ, जसा विकला गेला तसा. आणि मग दुरुस्त झालेला. दोन्ही मिळून सारी सुट्टी गेली. घरच्या मंडळींनी याविषयी जे मत दिले ते येथे नमूद करण्याचे कारण दिसत नाही.

खेळाचे नाव लांबलचक आहे : ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ – द सिथ लॉर्ड्स’. ज्यास ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्या जातीचा हा खेळ. या जातीत खेळणारा कथेतील एका पात्राची भूमिका घेतो. लढाया असतात, शस्त्रास्त्रे असतात. परंतु खरा भर संभाषणावर. समोरच्या पात्राने काही विचारले की पडद्यावर चारपाच उत्तरे उमटतात, त्यांतून एक निवडावयाचे, आणि त्या निवडीप्रमाणे पुढचे बोलणे व पुष्कळदा पुढची कथाही वळते. नाटकाची अशी एक संहिता कल्पावी, की जिच्यातील प्रत्येक संवादास फाटे आहेत आणि एका प्रयोगात त्यांपैकी एकाच वाटेने जाता येते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

पहिला भाग कॅनडातील बायोवेअर या मंडळीने २००३ साली काढला व तो फार गाजला. दुसरा भाग त्यांनी न करता तो कॅलिफोर्नियातील ऑब्सिडियन या त्याच वर्षी स्थापन झालेल्या संस्थेकडे सोपविण्यात आला. लुकासआर्ट्स या प्रकाशकांनी तो डिसेंबर २००४ मध्ये एक्सबॉक्स यंत्रासाठी आणि फेब्रुवारी २००५ मध्ये संगणकासाठी विक्रीस काढला. या तारखांवरूनच चतुर वाचकांस पुढची हकीकत कळून येईल. ज्या संस्थेचा जन्म २००३ मधला, तिने २००४ चा नाताळ गाठून एवढा विस्तीर्ण ग्रंथ — आम्ही ग्रंथच म्हणतो — बाजारात आणावयाचा होता. तो आला, पण शिवणीचे टाके उसवलेल्या अवस्थेत आला.

प्रथम कथेविषयी. चित्रपटांतील घटनांच्या सुमारे चार हजार वर्षे आधीचा काळ. खेळणाऱ्याच्या वाट्यास आलेले पात्र एका बहिष्कृत योद्ध्याचे आहे. पूर्वीच्या युद्धात मॅलॅकॉर नावाच्या ग्रहाजवळ याच्याच हुकुमाने एक भयंकर अस्त्र सोडण्यात आले. त्या अस्त्राने शत्रूबरोबर स्वतःची सेनाही चिरडून टाकली, आणि तेवढे मरण एकदम अंगावर आल्यामुळे याचा विश्वशक्तीशी — ज्यास ते लोक ‘फोर्स’ म्हणतात तिच्याशी — असलेला धागा तुटला. युद्ध जिंकून देणाऱ्याच्या अंगी उरलेली ही पोकळी हाच कथेचा विषय. लहान मुलांच्या म्हणून हिणविल्या जाणाऱ्या माध्यमात असा विषय कोणी घेतला असेल, अशी आमची कल्पना नव्हती.

या योद्ध्यास एक म्हातारी गुरू भेटते. तिचे नाव क्रेया. अशी गुरू आम्ही वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. निर्वासितांनी गजबजलेल्या नार शद्दा नावाच्या ठिकाणी एक भिकारी पैसे मागतो. आपण दिले, की क्रेया विचारते, तू त्याचे काय भले केलेस? आणि दाखवून देते, की त्याच्या हातचे पैसे पाहून दुसऱ्या कंगालाने त्यालाच गाठून मारले. बरे, नाही दिले, तर तो भिकारी आपल्या निराशेचा राग तिसऱ्याच कोणावर काढतो, आणि क्रेया त्याबद्दलही कान उपटतेच. आमचा भाचा वैतागून म्हणाला, “मामा, हिला काहीच पटत नाही.” आम्ही त्यास सांगितले, की चांगल्या शिक्षकाच्या वर्गात पहिली दोन वर्षे असेच वाटते. या म्हातारीचा खरा दावा असा, की विश्वशक्ती म्हणून ज्याची सर्वजण पूजा करतात ते माणसांस सोंगट्यांप्रमाणे चालविणारे एक बंधन आहे, आणि ते तोडावयास हवे. म्हणजे ज्या चित्रपटमालेच्या नावावर खेळ विकावयाचा तिच्याच मूळ श्रद्धेवर, तिच्याच घरात बसून, घातलेला हा घाव आहे. तिचे काम करणाऱ्या बाईंचा आवाज ऐकताच ही रंगभूमीवरची नटी असावी असे आम्ही बोलून गेलो होतो. त्या सारा केस्टेलमन निघाल्या. पीटर ब्रूकने १९७० साली ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’चा जो प्रसिद्ध प्रयोग बसविला त्यातील टिटानिया याच.

आता शेवटाविषयी. जवळजवळ पाऊण खेळ उत्तम गतीने चालतो, आणि मग मॅलॅकॉरवर पाऊल पडताच जमीन पायाखालून सरकते. इतका वेळ ज्यांच्या सुखदुःखाचे पाढे ऐकले ते सोबती एकामागून एक नाहीसे होतात. कोण कोठे गेले याचा पत्ता नाही. एका सोबत्याचे एक लहानसे तरंगते यंत्र त्या ग्रहावरील जुनी अस्त्रे चालू करण्याच्या कामगिरीवर निघते. गोटो नावाचे दुसरे, कपटी यंत्र त्याची वाट अडविते. आणि तेथेच प्रसंग तुटतो. कोणी कोणास हरविले? उत्तर नाही. ग्रह तर पुढे नष्ट होतो. आणखी एक उदाहरण. एचके-४७ नावाचा, माणसांस मांसाच्या पिशव्या म्हणणारा आणि प्रत्येक वाक्यापूर्वी ते विधान आहे की प्रश्न हे जाहीर करणारा एक मारेकरी यंत्रमानव आपल्याबरोबर असतो. विनोदी पात्र म्हणून तो आम्हांस फार आवडला. त्याच्यासारख्याच घडविलेल्या नकला खेळभर आपल्यावर हल्ले करीत असतात. त्या कोठल्या कारखान्यात तयार होतात याचा शोध सुरू होतो, सुगावा लागतो, आणि मग त्या कारखान्याचे कोणी नावसुद्धा काढीत नाही.

यात दोष कर्त्यांचा किती आणि घाई करणाऱ्यांचा किती, याचा वाद वीस वर्षे चालू आहे, आणि त्यात आम्हांस पडावयाचे नाही. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. लोकांनी तबकडीवरील फायली उघडून पाहिल्या तेव्हा असे आढळून आले, की खेळात न दिसणारे पुष्कळसे साहित्य तेथेच पडून आहे. नटांनी बोललेले व ध्वनिमुद्रित झालेले संवाद आहेत. पण त्यांस हाक मारणारा प्रसंग नाही. संवादवृक्षांच्या फांद्या आहेत; पण त्या खोडास जोडलेल्या नाहीत. कित्येक वाक्यांशेजारी, ते कोणत्या भावाने म्हणावे याविषयी लेखकाने नटास दिलेल्या सूचनाही तशाच राहून गेल्या आहेत. पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हे दृश्य ओळखीचे वाटेल : पाने सुटी आहेत, काही उलटीसुलटी लागली आहेत, मात्र अक्षर एकाच हाताचे आहे.

ही सुटी पाने जुळवावयास जे पुढे आले ते कोणी विद्वान नव्हते, पगारी तर नव्हतेच. खेळावर जीव जडलेले ते सामान्य लोक, बहुतेक टोपणनावाने वावरणारे. पहिल्या मंडळीने गिझ्का हे नाव घेतले होते. गिझ्का म्हणजे या खेळातील एक बेडकासारखा, भराभर वाढणारा उपद्रवी प्राणी. त्यांचे काम अनेक वर्षे चालले, पण सिद्धीस गेले नाही. त्यानंतर दुसऱ्या काही जणांनी नव्याने आरंभ करून जी दुरुस्ती पुरी केली ती ‘रिस्टोअर्ड कंटेंट मॉड’ या नावाने प्रसिद्ध आहे. मॉड म्हणजे मूळ खेळावर चढवावयाची, बाहेरच्यांनी केलेली पुरवणी. ती फुकट मिळते, परंतु एकटी चालत नाही. मूळ खेळ आपल्यापाशी असावा लागतो. टीकाग्रंथ जसा मूळ ग्रंथावाचून निरर्थक, तसेच हे.

या कामाचे स्वरूप आम्ही विद्यार्थिनीकडून समजावून घेतले, आणि ते समजत गेले तसतसा आमचा आदर वाढत गेला. समजा, एक ध्वनिमुद्रित वाक्य सापडले : एक सोबती दुसऱ्यास काहीतरी बोलतो आहे. हे कोठले? आधी काय घडलेले असले म्हणजे हे बोलणे शोभेल? हा सोबती त्या घटकेस जिवंत असेल ना? खेळणाऱ्याने सद्वर्तन केले असेल तर हे वाक्य यावे, की दुर्वर्तन केले असेल तरच? वर सांगितलेले संवादांचे फाटे आठवावेत : एक वाक्य योग्य जागी बसविण्यासाठी त्याच्या मागच्या साऱ्या वाटा तपासाव्या लागतात, आणि एखादी वाट चुकली तर खेळ तेथेच गोठून बसतो. शिवाय हे करता करता मूळ खेळातील शेकडो बारीकसारीक दोषही काढावयाचे. फलश्रुती अशी, की गोटो आणि त्या लहान यंत्राचा प्रसंग आता पुढे सरकतो, आणि एचके-४७ एकटाच आपल्या नकलांच्या कारखान्यात शिरतो. तो कारखाना आम्ही दोनदा खेळलो, दुसऱ्यांदा केवळ मौजेखातर.

परंतु जोडणाऱ्यांची परीक्षा त्यांनी काय जोडले यावरून आम्ही करीत नाही. काय जोडले नाही यावरून करतो. मूळ आराखड्यात एम ४-७८ नावाचा, केवळ यंत्रमानवांनी वसलेला एक ग्रह होता. ज्या थोड्या जेडाय गुरूंचा शोध घ्यावयाचा त्यांपैकी लोना व्हॅश ही तेथे भेटावयाची होती. कर्त्यांनी तो ग्रह वगळला. त्याचेही अवशेष फायलींत सापडतात. मग तोही परत आणावा की नाही? सर्वसाधारण भक्ताचे उत्तर उघडच आहे : जेवढे अधिक तेवढे बरे. दुरुस्तीकारांनी तसे केले नाही. त्यांनी तो ग्रह मुख्य दुरुस्तीत न घेता वेगळी, स्वतंत्र पुरवणी म्हणून दिला. ज्याला हवा त्याने तो निराळा चढवावा.

या एका निर्णयात आम्हांस संपादनशास्त्राचा अर्क दिसला. तो असा : गोटोचा प्रसंग कर्त्यांकडून राहिला होता, तो ग्रह कर्त्यांनी टाकला होता. हे ओळखावयाचे कसे? जे राहून जाते त्याची जखम उघडी असते. प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर नसते. जे टाकलेले असते त्याची जखम कर्त्याने स्वतः शिवलेली असते. एम ४-७८ वगळल्यावर कर्त्यांनी लोना व्हॅशचे काय करावयाचे याचा विचार केला होता. प्रसिद्ध खेळात ती कोरिबान नावाच्या ग्रहावर सापडते, पण मेलेली. आपण पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. हा तोडगा घाईतून सुचला असेल, नाही कोण म्हणतो? परंतु तो कर्त्यांचा आहे, आणि आमच्या मते मूळ बेतापेक्षा सरस आहे. जिला शोधीत इतके हिंडलो तिचे प्रेतच हाती लागावे, ही गोष्ट त्या काळोख्या कथेस अगदी शोभते. निराळी पुरवणी चढवून आम्ही यंत्रमानवांच्या ग्रहावरही जाऊन आलो. तेथे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलपाटे फार आहेत, आणि तो ग्रह कर्त्यांनी इतका कच्चा ठेवला होता की उभा करताना जोडणाऱ्यांस पदरचे बरेच घालावे लागले. तसे घालण्याची त्यांची इच्छा होती, आणि त्यांनी ती भागविली. पण पाठात नव्हे, परिशिष्टात.

आमच्याकडील माणसास येथे पैठणची आठवण व्हावी हे साहजिक आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून तिचा पाठ शुद्ध केला. स्वतः एवढे समर्थ कवी; नवव्या अध्यायात चार ओव्या सरकवून दिल्या असत्या तर कोणास ओळखू आल्या नसत्या. त्यांनी ते केले नाही, आणि पुढे कोणी करू पाहील त्यास निक्षून बजावून ठेवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली आरंभ होऊन १९६६ साली पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही हाच विवेक आहे. गणपती लेखक झाल्याची कथा घरोघरी प्रिय. पण पाठपरंपरेत तिला आधार पुरेसा नाही असे ठरताच संपादकांनी ती संहितेतून काढून परिशिष्टात नेऊन ठेवली. फेकून दिली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

याच्या उलट मासला पाहावयाचा असेल तर नेहम टेट आहे. या गृहस्थाने १६८१ साली ‘किंग लिअर’ दुरुस्त केला. विदूषकास हाकलून दिले, कॉर्डेलियास जिवंत ठेवले, एवढेच नव्हे तर एडगरशी तिचे लग्नही लावून दिले. आणि लिअरला राज्य परत. ही दुरुस्ती इंग्रजी रंगभूमीवर दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदली. मॅक्रीडीने १८३८ साली मूळ नाटक, विदूषकासह, परत आणीपर्यंत लोकांस लिअर ठाऊक तो असा. टेट हा वाईट मनुष्य नव्हता. त्याचेही नाटकावर प्रेमच होते. जुन्या हेमाडपंती देवळास तैलरंग देऊन आत गुळगुळीत फरशा बसविणाऱ्या विश्वस्तांचेही देवावर प्रेमच असते. खेळांच्या जगातही या पंथाचे अनुयायी थोडे नाहीत. जुन्या खेळातील चेहरे तुकतुकीत करणे, अवघड होते ते सोपे करणे, दुःखान्त होता तेथे लग्न लावून देणे, असल्या पुरवण्यांचा तेथे सुकाळ आहे. ज्यास त्या रुचतात त्याने खुशाल घ्याव्यात. फक्त तिला जीर्णोद्धार म्हणू नये.

दुरुस्तीकारांचा एवढा गौरव केल्यावर एक तक्रारही नोंदविली पाहिजे. भांडारकर आवृत्तीत जेथे संपादकास पाठाविषयी पुरी खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढलेली असते. वाचक त्या रेघेपाशी थबकतो. आपण व्यासांचे वाचीत आहोत की संपादकाच्या तर्काचे, हे त्यास कळते. या खेळात तशी रेघ नाही. दुरुस्तीबरोबर बदलांची यादी मिळते खरी, पण खेळत असता समोरचा प्रसंग मूळचा की परत आणलेला, याची खूण कोठेच नाही. आम्ही मूळ खेळ आधी पाहिला होता म्हणून आम्हांस फरक समजला. आज बहुतेक नवे खेळणारे पहिल्याच खेपेस दुरुस्ती चढवितात. त्यांस समजणार नाही. दोन पिढ्यांनंतर हीच संहिता कर्त्यांची म्हणून चालेल. विद्यार्थिनीचे म्हणणे, की मध्येच पडद्यावर रेघ दिसली तर रसभंग होईल. होईल, हे आम्हांस मान्य आहे. रसभंग सोसूनही ती रेघ असावी असे आमचे मत आहे, आणि तिच्या प्रबंधिकेवर आम्ही तसा शेरा दिला. तिने तो मानला नाही. उत्तम गुण देण्यास त्यामुळे अडचण आली नाही.

ज्यांच्या मालकीचा हा खेळ, त्यांची हकीकतही थोडक्यात सांगितली पाहिजे. लुकासआर्ट्स २०१२ साली डिस्नेच्या हाती गेली व पुढच्या वर्षी तिचे खेळ करण्याचे काम बंद पडले. अस्पायर नावाच्या कंपनीने २०१५ साली संगणकावरील खेळाची डागडुजी केली, आणि ‘स्टीम’वर ही मॉड सहज चढविता येईल अशी सोय झाली. येथवर सर्व सुरळीत होते. जून २०२२ मध्ये त्याच कंपनीने खेळ निन्टेन्डो स्विच यंत्रावर आणला, आणि गाळलेला भाग पुढे पुरवणी म्हणून देऊ असे जाहिरातीत सांगितले. प्रथम निघालेल्या आवृत्तीत ओंडेरॉन ग्रहाजवळ खेळ असा कोसळे की तो शेवटास नेताच येईना. तो दोष मागाहून काढला गेला. पुरवणी मात्र आली नाही. जून २०२३ मध्ये ती येणार नाही असे कंपनीने जाहीर केले, आणि घेणाऱ्यांस भरपाईदाखल दुसरे खेळ देऊ केले; प्रकरण अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेले. ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशांनी फुकट नांगरून दिलेले शेत, पैसे घेणाऱ्यांस ग्राहकांपर्यंत पोहोचविता आले नाही. यावर अधिक भाष्याची जरूर दिसत नाही.

हा सारा विषय आम्ही इतक्या आस्थेने का घेतला, याचे कारण आता सांगावयास हवे. ज्यांच्यापाशी आम्ही शेक्सपिअर वाचावयास शिकलो ते आमचे गुरुजी तीन वर्षांपूर्वी वारले. ‘किंग लिअर’चे मराठी भाषांतर ते उतारवयात करीत होते. सात वह्या त्यांच्या कन्येने आमच्या स्वाधीन केल्या आणि म्हणाल्या, “बाबांचे हे पुरे करून छापा. तुमच्याशिवाय कोण करणार?” पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, लिअर कॉर्डेलियास हातांवर घेऊन येतो त्याच्या अलीकडे, वही कोरी आहे. आम्हांस गुरुजींची मराठी इतकी अंगवळणी पडली आहे, की उरलेला भाग त्यांच्याच वळणाने लिहिला तर सांधा दिसणार नाही. हीच तर अडचण आहे. आमचा बेत असा, की वही जेथे थांबते तेथे भाषांतर थांबवावे, आणि उरलेले आम्ही करून मागे परिशिष्टात, बारीक टायपात, आमच्या नावाने द्यावे. प्रकाशकांस हे मंजूर नाही. कॉर्डेलिया मरण्यापूर्वी संपणारा लिअर कोण विकत घेईल, असे ते विचारतात. आणि त्यांचे म्हणणे व्यवहारास धरून आहे.

परंतु कोरी पाने हा सोपा भाग आहे; ती राहिलेली आहेत याविषयी शंका नाही. तिसऱ्या अंकात, वादळाच्या रात्री लिअर तिपाईला आपली मुलगी समजून तिच्यावर खटला चालवितो, तो प्रसंग गुरुजींनी पुरा भाषांतरित केला आहे, आणि मग त्यावर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीची रेघ मारली आहे. हा खटला १६०८ च्या क्वार्टो प्रतीत आहे, १६२३ च्या फोलिओत नाही. फोलिओ प्रमाण मानून त्यांनी तो टाकला, असे म्हणावे, तर नाटकाचे अखेरचे भाषण फोलिओप्रमाणे एडगरला द्यावयाचे की क्वार्टोप्रमाणे ऑल्बनीला, याचा कौल देणारे पानच कोरे आहे. आम्ही त्यांच्या कन्येस विचारले. त्यांस आठवते ते असे, की फार वर्षांपूर्वी गुरुजींनी महाविद्यालयातील मुलांकडून या भाषांतराच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग बसविला होता, आणि वेळ पुरत नाही म्हणून तालमीत काटछाट चालत असे. तसे असेल, तर ती रेघ त्या एका संध्याकाळपुरतीच होती, आणि खटला संहितेत गेला पाहिजे. त्या प्रयोगाची छापील पत्रिका किंवा नटांच्या हातची नक्कल कोणापाशी उरली आहे काय, याचा शोध सध्या आम्ही करीत आहोत. लिअरचे काम करणारा विद्यार्थी नाशकास असतो असे कळते. त्यास परवाच पत्र टाकले आहे.